काही नसलेला माळ

आसरामावशी खोटं बोलत नाही, हे आमच्या वस्तीत कुणालाही विचारा. तिची मेंढी दुसऱ्याच्या पिकात शिरली, तर शेतकऱ्याला कळायच्या आधी तीच त्याच्या दारात जाऊन सांगते. फक्त एक खोटं तिनं आयुष्यभर जपलं होतं, आणि तेही सासूकडून लुगड्याबरोबर आलेलं. सरकारी माणूस माळाविषयी विचारायला आला, की हात झटकायचे आणि म्हणायचं, "काही न्हाई तिथं."

मेंढपाळांचं हे जुनं शहाणपण. आहे म्हटलं की मोजणी येते आणि मोजणीमागून कुंपण. नाही म्हटलं की साहेब उन्हाला कंटाळतो आणि परत जातो. पन्नास वर्षं ही युक्ती बिनचूक चालली. ती फसली तेव्हा फॉर्म माझ्या हातात होता. म्हणून ही हकीकत सांगायचा हक्क माझा, आणि थोडी लाजही माझीच.

मी इथल्या शाळेवर शिक्षिका. पिंपळगाव रेणुकाईहून रोज जीपनं येते. सरकारला काहीही मोजायचं झालं की आधी मला जुंपतात. पोरांना पाढे कधी शिकवायचे, ते मात्र कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी ऐन वैशाखात जमीन-वापराच्या आराखड्याचं काम निघालं. शेती कुठं ठेवायची, घरं कुठं बांधायची, गोदामं कुठं टाकायची, हे देशभर ठरवायचं होतं. त्यात आमच्या वस्तीमागचा साठ एकरांचा गायरान माळही आला.

मावशी बाभळीखाली मेंढरं घेऊन बसली होती. मोबाइलवरच्या फॉर्मात रकाना होता, 'सध्याचा वापर'.

"मावशी, माळावर काय काय आहे?"

तिनं हात झटकले. "काही न्हाई, मॅडम. धोंडे हायेत नुस्ते."

हे खरं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दर हिवाळ्यात मी शाळेतली पोरं घेऊन त्याच माळावर बोरं खायला जाते. पण डोकं तापलं होतं आणि अजून जमिनीचे अकरा गट नोंदवायचे बाकी होते. मी 'काही नाही' असं लिहिलं आणि पुढं गेले.

श्रावणात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. मावशीला वाचता येत नाही, म्हणून ती मला हाताला धरून घेऊन गेली. आमचा माळ पिवळा रंगवला होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: निरुपयोगी पडीक, गोदामांसाठी योग्य. मी वाचून दाखवलं.

"निरुपयोगी?" मावशी कडाडली. "कुन्या मुडद्यानं सांगितलं हे?"

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मटकन पायरीवर बसली. "अगं बाई! मीच की!"

तिची एकशेदहा मेंढरं. पावसाळ्यात काळ्या रानाच्या चिखलात ती चार दिवस उभी राहिली, की त्यांचे खूर सडायला लागतात. कोरडं बसायला जागा म्हणजे हा मुरमाड माळ. तो गेला तर कळप विकायचा, दुसरा रस्ता नव्हता.

नशीब एवढंच, की नकाशा अजून कच्चा होता. एरवी गोदाम आधी उभं राहतं आणि पर्यावरणाचा अहवाल मागून रडतखडत येतो. या वेळी मात्र जमिनीवर काय परिणाम होईल, ते आराखडा पक्का करण्याआधीच तपासायचं ठरलं होतं. त्यासाठी सुमेधा नावाची तरुण अधिकारी सुनावणी घ्यायला येणार होती. पण तिच्यापुढं म्हणणं मांडायचं, म्हणजे सगळ्या गावादेखत आपण खोटं बोललो हे कबूल करायचं. मावशीच्या नवऱ्याला, राधाकिसनमामांना, ते बिलकुल पटेना.

"आपल्या जबानीवर लोक मेंढरू न बघता घेतेत," ते म्हणाले. "तू खोटं बोलल्ती म्हनून सांगितलं, तर मंग कोन इस्वास ठेवील?"

"आन् न्हाई सांगितलं तर मेंढरूच ऱ्हानार न्हाई. मंग जबान काय चुलीत घालू?"

सुनावणी शाळेतच भरली. माळाविषयी कुणाला काही सांगायचंय का, असं सुमेधानं विचारलं. मावशी पदर खोचून उभी राहिली.

"मी खोटं बोलल्ते. माझी सासू बी बोलायची. तिथं लई काही हाये."

सगळा वर्ग खो खो हसला. मी घाईघाईनं उठले आणि म्हणाले, की लिहिणारी मी होते, आणि खरं काय ते मलाही माहीत होतं. "दोघी बी एकाच माळेचे मणी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हसणं आणखी वाढलं.

सुमेधा हसली नाही. तिनं वही उघडली. "मग काय आहे तिथं, मावशी?"

"हितं बसून न्हाई सांगता येत, पोरी. चल."

निम्मं गाव मागं निघालं. वाटेत मावशीनं दोन घागरी भरून घेतल्या. पहिली तिनं काळ्या रानात ओतली. पाण्याचं डबकं झालं आणि तसंच राहिलं. दुसरी माळाच्या मुरमात ओतली. सुमेधा पेनाचं टोपण काढेपर्यंत पाणी गडप!

"कुठं गेलं?" सुमेधानं विचारलं.

मावशीनं उताराखाली बोट दाखवलं. तिथं वस्तीची विहीर होती. "तिथं. समदी वस्ती तेच पिऊन राह्यली."

हसणारे विहिरीकडं वळून बघू लागले. मेंढरं मावशीची होती, पण विहीर सगळ्यांची होती.

मग मावशीला कोण आवरणार? पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कोणतं गवत मेंढी आधी खाते, टिटवी कुठं अंडी घालते, हरणं कोणत्या बाजूनं उतरतात, गुडघेदुखीवरचा पाला कुठं मिळतो. माळाच्या एकेका तुकड्याला नाव होतं. तेवीस तर मीच मोजली. मामा मागून कुजबुजत होते, "अगं, समदं नको सांगू!"

"गप ऱ्हावा. आत्ता कुठं सुरू करून राह्यले."

सुमेधाची वही संपली. मी जुन्या हजेरीपटातली कोरी पानं फाडून तिला दिली. हा गुन्हा मी आनंदानं पुन्हा करीन.

दिवाळीनंतर पक्का नकाशा लागला. माळ हिरवागार! खाली लिहिलं होतं: चराई आणि पाणी मुरण्याचं क्षेत्र. गोदामं डांबरी रस्त्याकडेच्या बंद पडलेल्या वीटभट्ट्यांच्या जागेवर गेली होती. मावशीनं ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि मग माझ्या तोंडात गुळाचा एवढा मोठा खडा कोंबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि माझ्याही. इतका आनंद मला माझी बदली थांबली तेव्हाही झाला नव्हता.

परवा जाफराबादकडून मोटारसायकलवर एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. पुन्हा कसलीशी मोजणीच. मी मावशीच्या अंगणात ताक पीत बसले होते. त्यानं माळाकडं बोट केलं आणि मामांना विचारलं, "तिकडं काय आहे?"

सवयीनं मामांचे हात झटकायला वर झाले. "काही न्हा—"

मावशीनं चुलीपुढून त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

मामांनी वर केलेले हात खाली आणले आणि बाज पुढं ओढली. "बसा साहेब," ते म्हणाले. "जल्दी न्हाई ना? मंग च्या घ्या आधी. सांगायला येळ लागंल."