बंडूचा कडक उपवास

बदलीच्या नोकरीत सामान कमी होत जातं आणि किस्से वाढत जातात. दर बदलीत एखादं कपाट किंवा मिक्सरचं एखादं भांडं मागे राहतंच. किस्सा मात्र एकही मागे राहत नाही, ट्रकमध्ये जागा लागत नाही ना त्यांना! नवऱ्याच्या नोकरीपायी चंदीगडला येऊन आम्हाला पाच वर्षं झाली, आणि इथल्या किस्स्यांपैकी निम्मे तरी एकट्या बंडूच्या नावावर आहेत.

बंडू म्हणजे माझ्या मुलीने, इराने पाळलेला कोळी. साधासुधा नाही, टॅरँटुला! तळहाताएवढा, केसाळ, तपकिरी आणि पाठीवर जराशी गुलाबी झाक. हॉलमध्ये टीव्हीशेजारी एका काचेच्या पेटीत तो राहतो. राहतो म्हणजे बसतो. सकाळी जिथे बसलेला असतो तिथेच संध्याकाळी असतो. त्यामुळे तो आणि माझा नवरा रविवारी एकमेकांना चांगली सोबत करतात.

*

सासूबाई कराडहून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी त्या पेटीपुढे येऊन थबकल्या.

"हे काय गं, वंदना?"

"कोळी आहे, आई."

"ते दिसतंय मला. झाडू कुठाय?"

इरा धावत आली आणि पेटीच्या आड उभी राहिली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "दादी, ये बंडू है! किसी को कुछ नहीं करता!"

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. "खातो काय हा?"

"कॉकरोच," इरा म्हणाली.

सासूबाई सरळ झाल्या. "झुरळं खातो? मग असू दे. घरात कुणीतरी कामाचं हवंच!"

ही झुरळं डब्यात वाढवलेली आणि खास विकत आणलेली असतात, हे त्यांना तीन महिन्यांनी कळलं. त्या दिवशी त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

*

मागच्या वर्षी इरा पुण्याला कॉलेजात गेली. होस्टेलवर कोळी चालत नाही, म्हणून बंडू माझ्या गळ्यात पडला. जाताना तिने सूचनांचा एक कागद लिहून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला. पाणी रोज बदलायचं, आठवड्याला एक झुरळ, पेटी उन्हात ठेवायची नाही, वगैरे. मी चार ओळी वाचल्या आणि बाकीचं नंतर वाचू म्हटलं.

विमानतळावर ती मला घट्ट बिलगली. "मम्मा, बंडू का खयाल रखना. मेरा अपना बस वही है."

"आणि आम्ही गं?"

"आप तो हो ही!"

पुण्यात पहिले काही महिने ती रमली नाही. फोन रोज यायचा, पण कसा? "मम्मा, बंडू दिखाओ." मग मी फोन पेटीसमोर धरायचे आणि ती बंडूकडे बघत हळूहळू मेसचं, रूममेटचं, एकटं वाटण्याचं असं सगळं सांगायची. मी फोनच्या मागे उभी राहून ऐकायचे. फोन बंडूसाठी असायचा, पण मला चालत होतं. खरं सांगायचं तर त्या फोनवरच माझा दिवस जात होता. बंडूला काही झालं तर हा रोजचा फोन कुठून येणार, ही धास्ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

आणि दिवाळीनंतर बंडूने खाणं सोडलं!

*

झुरळ पेटीत सोडलं की ते बंडूच्या पायावरून चालत जायचं आणि बंडू ढिम्म.

सासूबाईंना मात्र यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी दिनदर्शिका बघितली. "आज संकष्टी आहे. बरोबर आहे त्याचं."

चतुर्थी गेली, एकादशी आली, प्रदोष झाला. बंडू काही उपास सोडेना. दिनदर्शिका सारखी बघावी लागते म्हणून सासूबाईंनी ती हॉलमधून काढली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. रोज सकाळी पोळ्या लाटता लाटता त्या जाहीर करायच्या, "बाविसावा दिवस. कडक आहे हो!"

घरात पहिल्यांदाच कुणीतरी उपासाच्या बाबतीत त्यांच्या पुढे गेलं होतं. त्यांच्या आवाजात चक्क आदर यायला लागला.

एका एकादशीला मी ऑफिसातून आले तर पेटीत भिजवलेल्या साबुदाण्याचे चार दाणे!

"आई, हे काय?"

"नुसता साबुदाणा आहे गं. मीठसुद्धा घातलं नाही."

बंडू एका कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता. झुरळ मात्र मधोमध बसून साबुदाणा खात होतं.

*

आमच्या शेजारच्या हरप्रीतजींना कुणी उपाशी आहे हे सहनच होत नाही. त्यांच्या घरी कुरिअरवालासुद्धा पराठा खाऊन जातो. बंडू खात नाही हे कळल्यावर त्या वाटी घेऊनच आल्या.

"ओ जी, कमजोरी आ गयी ए! थोडा घ्यो पाओ!"

"हरप्रीतजी, वो घी नहीं खाता."

"घ्यो नहीं खांदा?" त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "महाराष्ट्र दा है?"

*

मग बंडूचं रूप बदलायला लागलं. आधीच त्याच्या पोटाच्या मागच्या बाजूला पायांनी घासून घासून केस गेले होते आणि एक गोल टक्कल पडलं होतं. ते टक्कल आता काळंभोर झालं. पोट टम्म फुगलेलं, अंगावरची गुलाबी झाक गेलेली, सगळा कसा जुन्या पायपुसण्यासारखा.

इराला दाखवलं, तर ती उलट खूश! "मम्मा, टेन्शन मत लो, मोल्ट करने वाला है. पुरानी स्किन उतारेगा, फिर नयी निकलेगी. नये बाल भी आयेंगे."

म्हणजे कात टाकणार! मी सगळ्यांना तसं सांगितलं. कात टाकणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. साप कसा सरपटत बाहेर पडतो आणि मागे पांढरी कात राहते, तसंच हेही असणार. निदान आम्ही तरी तसं धरून चाललो.

नवरा मात्र पेटीपाशी बराच वेळ उभा होता. त्याचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला होता.

"किती दिवस उपाशी राहावं लागतं म्हणाली ती?"

*

इराने कितीही धीर दिला तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपमध्ये डॉ. मृणाल आहे. ती सेक्टर बत्तीसला राहते, माणसांची डॉक्टर आहे, पण निदान विचारावं म्हणून मी तिला मेसेज लिहिला. 'बंडूने चाळीस दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. पोट फुगून काळं पडलंय. एका जागेवरून हलत नाही. काय करू?'

घाईत तो मेसेज गेला अख्ख्या ग्रुपवर!

दोन मिनिटांत एकवीस उत्तरं आली. कुणी लिहिलं, 'चाळीस दिवस काय करत होतात?' कुणी लिहिलं, 'आमची गाडी घेऊन जा.' एरोसिटीतल्या शुभदाने तर 'निघाले' एवढंच लिहिलं. तेवढ्यात मृणालचाच फोन आला, एकदम कडक आवाजात.

"वंदना, घाबरू नकोस. पेशंटचं वय काय?"

"सहा."

"अगं बाई! शुद्धीवर आहे ना? पायांवर सूज आहे का?"

मी बघायला वाकले. "कुठल्या पायांवर? आठ आहेत."

मृणाल तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. शुभदा मात्र येऊनच थांबली. बंडूला बघून गेली आणि जाताना म्हणाली, "डोळे पाणीदार आहेत हो. वाचेल."

*

फेब्रुवारीतला एक रविवार. सकाळी मी उठून हॉलमध्ये आले आणि बघते तर बंडू उताणा! आठही पाय वर, पोट वर, जराही हालचाल नाही.

मी इराला फोन लावायला गेले आणि थांबले. इराचा त्या दिवशी कसलातरी मोठा पेपर होता आणि फोन चारपर्यंत बंद राहणार होता. म्हणजे चार वाजेपर्यंत मला हे एकटीनेच पोटात ठेवायचं होतं.

सासूबाई आल्या. त्यांनी बघितलं आणि देवघरातून गंगेची कुपी आणि तुळशीचं पान आणलं. झाकण उघडायचं धाडस त्यांना होईना, म्हणून पान झाकणावरच ठेवलं. "उपास करता करता गेला," त्या म्हणाल्या. "पुण्यवान." मग डोक्यावरून अंघोळ करून आल्या आणि त्या दिवशी देवापुढे दिवा लावला नाही.

नवऱ्याने माझ्याच फोनवरून ग्रुपवर कळवलं. मी नको म्हणत होते, पण तोही हललाच होता. रविवारची सोबत गेली होती त्याची.

इथे आम्हा बदलीवाल्यांचं गणगोत कुणी नाही. कुणाचं गावाकडचं माणूस वारलं की त्याच्या इथल्या घरात चूल पेटू न देता पिठलं-भात पोचवायचा, एवढं मात्र आम्ही चार घरांनी सांभाळलंय. माझे बाबा गेले तेव्हा तिकीट मिळेपर्यंत शुभदाचं पिठलंच माझ्या पोटात होतं. साडेबाराला बेल वाजली. दारात शुभदा, हातात डबा.

"कोळी असला म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "घरातलाच होता."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मागोमाग हरप्रीतजी पांढरी चुन्नी घेऊन आल्या आणि पेटीसमोर हात जोडून बसल्या. "वाहेगुरू, वाहेगुरू. मैं केहा सी, घ्यो पाओ."

चार वाजून पाच मिनिटांनी इराचा फोन आला. "मम्मा, बंडू दिखाओ!"

मी फोन तसाच पेटीकडे वळवला. मग पोरीने जी किंकाळी मारली ती अख्ख्या क्वार्टरने ऐकली असेल!

"आई! आई, तो मेला नाहीये! कात टाकतोय! कुणी हात लावू नका त्याला!"

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला आई म्हटलं होतं, आणि तेही सबंध मराठी वाक्यात. मी बंडूला विसरून तिच्याकडेच बघत राहिले.

"लिहून दिलं होतं ना मी! मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पालथा बसतो. उताणा म्हणजे कपडे बदलतोय!"

नवरा स्वयंपाकघरात गेला. दिनदर्शिका उचलली. खाली इराचा कागद होता, आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'उलटा हो जाये तो डरना मत.'

मग कुणीच उठलं नाही. फोन पेटीला टेकवून ठेवला आणि पलीकडून इरा, अलीकडून आम्ही पाच जण बघत बसलो. पाय एकेक करून बाहेर येत होते, मोज्यातून काढल्यासारखे. मध्येच भूक लागली म्हणून सगळ्यांनी ताटल्या मांडीवर घेऊन पिठलं-भात खाल्ला. हरप्रीतजींनी त्यात तूप घातलं. संध्याकाळ झाली तेव्हा पेटीत दोन बंडू होते. एक जुना, पोकळ, सगळ्या केसांसकट. दुसरा त्याच्या शेजारी, ओलसर, टवटवीत गुलाबी, टकलावर नवे केस आलेला.

"कित्ती गोड दिसतोय गं, आई!" इरा पलीकडे हसत होती आणि रडतही होती. मीही तेच करत होते.

सासूबाई मात्र पेटीपाशी वाकल्या. त्यांनी जुन्या बंडूकडे पाहिलं, नव्या बंडूकडे पाहिलं, मग देवघरातल्या न लावलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"अगं वंदना," त्या म्हणाल्या, "मग आता जुन्याचं सुतक धरायचं का नव्याचं सोयेर?"