ग्लेनिसचे पत्ते आणि डॅरिलचा चिमटा

ऑस्ट्रेलियातल्या मरविलंबा गावच्या बुधवारच्या बाजारात ग्लेनिस हॅलोरनच्या टेबलावर तीन वस्तू असायच्या: भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांची लाकडी पेटी, चहाचा थर्मास आणि माशा मारायची प्लास्टिकची जाळी. नवख्यांना वाटायचं, जाळी माशांसाठी आहे. मग एखादा गोल्ड कोस्टचा पाहुणा "बघू तरी" म्हणत पत्त्यांकडे हात न्यायचा आणि जाळी त्याच्या बोटांवर बसायची. आमच्या नगराध्यक्षांनाही बसली आहे. ग्लेनिसने त्यांची माफी मागितली नाही. पुढच्या निवडणुकीत मत मात्र त्यांनाच दिलं.

बाई मूळची साखर कारखान्यातली. तिथल्या कँटीनमध्ये सॉसेज रोल गरम करण्यात तिची अर्धी हयात गेली. पत्ते वाचायला तिला शिकवलं विल्माने, कँटीनच्या थोरल्या स्वयंपाकिणीने. आणि हात थकले तेव्हा विल्माने आपला जोडच तिच्या ओटीत घातला. देताना एवढंच म्हणाली, "दात घासायचा ब्रश कुणाला देतेस का? मग हेही द्यायचे नाहीत. माणूस आपली कटकट हातातून सोडून जातो, आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडते."

ग्लेनिसने ते जन्मभर पाळलं. पिसायची तीच, काटायची तीच, मांडायची तीच. गिऱ्हाइकाने हात मांडीवर ठेवून बसायचं. शेजारच्या टेबलावरची तमसिन नेमकी उलट्या मताची. तिच्याकडे गिऱ्हाईकच पत्ते पिसायचं आणि डाव्या हाताने काटायचं.

"अगं, ज्याचा प्रश्न त्याचे हात नकोत का?" तमसिन म्हणायची. "पत्त्यांना कळणार कसं, कोण विचारतंय ते?"

"मी सांगते ना त्यांना. माझं तोंड कशाला आहे?"

"तुझं तोंड कशाला आहे ते सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

तरी लोक ग्लेनिसकडेच रांग लावायचे. गोड बोलून वाटेला लावायची तिला सवय नव्हती. नवरा परत येणार नसेल तर येणार नाही म्हणून सांगायची, आणि वर चहा पाजायची. आम्हाला तिचा अभिमान होता, आणि तिला स्वतःचा होता तो त्याहून जास्त.

फक्त तिचा शेजारी डॅरिल टॅप्सेल तिची टर उडवायचा. तो प्लंबर. खांद्यावर पाइप टाकून बाजारातून जाताना हमखास थांबायचा. "ग्लेनिस, विचार तुझ्या पत्त्यांना, उद्या कुणाचा संडास तुंबणार आहे. मी आधीच जाऊन उभा राहतो."

"तुझं डोकं तुंबलंय, ते आधी मोकळं कर."

मग मोठा पूर आला. ट्वीड नदी बांध ओलांडून गल्लीत शिरली, आणि पहाटे डॅरिलच आपली पत्र्याची होडी घेऊन तिच्या व्हरांड्याला लागला. ग्लेनिस उशीच्या खोळीत मांजर घालून होडीत बसली. टेकडीवरच्या शाळेच्या अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, पत्त्यांची पेटी फळीवरच राहिली.

"परत फिरव," ती म्हणाली.

"ग्लेनिस, पाणी खिडकीला लागलंय."

"म्हणूनच म्हणते, फिरव."

त्याने होडी फिरवली नाही. त्याने केलं ते बरोबरच होतं, हे तिलाही कळत होतं. तरी शाळेत राहिली तेवढे दिवस ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. फळी पडलेली, पेटी फुटलेली, आत एक पत्ता नाही. ग्लेनिस पायरीवर बसून रडली. त्या बाईला रडताना गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं आणि सगळे आपापल्या फावड्याकडे बघत राहिले.

दुपारी चौकात मदतीला आलेली मंडळी सॉसेज भाजून वाटत होती. रांगेत तमसिन म्हणाली, "माझा एक जोड घे. जास्तीचा आहे."

"शंभर हात लागलेला?"

"मग तुझा शोधू. अंगणात, कुंपणात कुठेतरी असेल."

"शोधून काय करू? फावडी घेऊन गावभरची पोरं हिंडतायत. ज्याला सापडेल तो उचलेल, पुसेल, मित्राला दाखवेल. विल्माचा जोड गेला. मी आता टेबल लावायची नाही." ती हे चिडून बोलली नाही, आणि म्हणूनच तमसिनला ते खरं वाटलं.

त्यांच्या मागे डॅरिल उभा होता. त्याची पाळी आली होती, पण तो सॉसेज न घेताच निघून गेला.

पुढचे दोन दिवस ग्लेनिस घरातला चिखल उपसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात गेली आणि कुंपणापाशी थबकली. पलीकडे डॅरिलची कपडे वाळत घालायची, खांबावरच्या छत्रीसारखी गोल दोरी वाऱ्यावर हळूहळू फिरत होती, आणि तिच्यावर क्लिपा लावून विल्माचे पत्ते टांगलेले होते. डॅरिल हातात बार्बेक्यूचा लांब चिमटा घेऊन एकेक पत्ता उलटा करत होता.

फावड्यासकट ती त्याच्या अंगणात शिरली. "हे कुणी गोळा केले?"

"मी."

"हात किती जणांचे लागलेत?"

डॅरिलने चिमटा वर धरला. "याने उचललेत. तारेतून, आंब्याखालून, तुझ्या पन्हळीतून. एक पोरगा हात घालणार होता, त्याच्यावर असा ओरडलो की तो फावडं टाकून पळाला. मंडळी हसत होती. हसू देत."

"तुझा तर यावर विश्वास नाही."

"काडीचा नाही. तुझा आहे ना." मग त्याची मान खाली गेली. "पण सांगतो. एकाला हात लागला. तो गटाराच्या जाळीतून खाली सरकत होता. चिमट्यात येईना. शेवटी बोटांनीच ओढला."

"कुठला?"

त्याने चिमट्यानेच दाखवला. त्यावर दहा काठ्यांची मोळी उराशी धरून वाकून चाललेला माणूस. ग्लेनिसने त्या पत्त्याकडे पाहिलं, मग डॅरिलच्या चिखलाने भरलेल्या नखांकडे पाहिलं. सॉसेज न घेताच रांगेतून गेलेली त्याची पाठ तिला आठवली, होडी न फिरवणारी ती पाठही आठवली. तिला या माणसाबद्दल फार वाटून आलं.

मग तिने सगळे पत्ते उतरवले. फुगून जोड दुप्पट जाड झाला होता, आणि चिमट्यामुळे त्याला तळलेल्या कांद्याचा वास येत होता. दोन क्रेट उलटे टाकून एकावर ती बसली.

"हात धुऊन ये," ती म्हणाली.

डॅरिल नळावर कोपरापर्यंत हात धुऊन आला, शर्टाला पुसले आणि समोर बसून मांडीवर ठेवले, गिऱ्हाइकाने ठेवायचे तसे.

ग्लेनिसने जोड त्याच्यापुढे धरला. "पिस."

"मी?"

"एकाला लागलेत ना हात? मग बाकीच्यांनाही लागू देत."

"आणि तुझी ती जाळी?"

"वाहून गेली. नवी आणणार आहे," ग्लेनिस म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

डॅरिलने पत्ते घेतले. फुगलेले पत्ते एकमेकांत जाईनात, दोनदा हातातून निसटले. त्याने विचारलं काय आणि तिने सांगितलं काय, ते दोघांपैकी कुणी आम्हाला सांगितलं नाही. पण पुरानंतर घर विकून मुलाकडे जायचं त्याच्या मनात होतं, आणि तो अजून इथेच आहे.

बाजार पुन्हा भरला तेव्हा ग्लेनिसच्या टेबलावर पेटीऐवजी बिस्किटांचा डबा होता आणि नवी कोरी हिरवी जाळी होती. पहिल्याच पाहुण्याला तिने ती चाखवली. डॅरिल पाइप घेऊन तिथेच उभा होता. बोटं चोळणाऱ्या त्या माणसाला तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. विल्मा आणि ही सोडली, तर त्या पत्त्यांना आजवर एकाच माणसाचा हात लागलाय."

"कुणाचा?" पाहुण्याने विचारलं.

डॅरिलने पाइप खाली ठेवले आणि दोन्ही हात पुढे केले.