काळूरामचा गुडघा

अल्पेश म्हात्रेची आणि काळूरामची पहिली भेट कानातून झाली, आणि त्या भेटीत अल्पेशचा उजवा कान आठवडाभर कामातून गेला.

थळच्या जत्रेत अल्पेशचं पहिलंवहिलं नाटक लागलं होतं. नवा कुर्ता घालून, अत्तर चोपडून तो पहिल्या रांगेत विंगेच्या अंगाला बसला होता. पडदा वर गेला. नायकाने तोंड उघडायच्या आधीच विंगेतून आवाज आला, “आई, मी परत आलोय.” आवाज असा, की मंडपाची कनात फुगली, माडावरचे दोन नारळ सुटले आणि कोण परत आलं ते बघायला खांदेरीच्या दीपगृहावरचा माणूस बाहेर आला. किहीमपर्यंतची कुत्री भुंकू लागली. बायकांमधली एक म्हातारी म्हणाली, “ये रे बाबा, जेवून घे.” मग नायकाने तेच वाक्य म्हटलं, पण तोवर त्याच्या आईचं उत्तरही विंगेतून येऊन गेलं होतं. सबंध नाटक असं दोन दोनदा झालं. लोक विनोदाला आधी काळूरामसाठी हसले आणि नंतर नटाला वाईट वाटू नये म्हणून हसले.

हे सगळं त्या नाटकाचा नायक विनेश सांगतो, त्यामुळे निम्मं सोडून द्यावं. पण अल्पेशचा कान खरोखरच वाजत होता. तो तरातरा विंगेत गेला. तिथे बनियन आणि अर्ध्या चड्डीतला एक आडव्या अंगाचा माणूस संहितेवरचे डास मारत बसला होता.

“प्रॉम्प्टर कोण आहे?”

“मी,” काळूराम म्हणाला. “आज आवाज लागला न्हाय. घसा बसलाय.”

अल्पेश पेणकडचा. घरची मिठागरं होती, ती गेली आणि भाऊ ट्रक चालवू लागले. अल्पेशने अलिबागला कोर्टासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं. दोन प्रतिज्ञापत्रांच्या मध्ये तो नाटकं लिही. थळची मंडळी ती दरवर्षी करत, कारण दुसरं कुणी त्यांना फुकट नाटक देत नव्हतं आणि दुसरं कुणी अल्पेशला नाटक मागत नव्हतं.

थळच्या या मंडळींची एक रीत होती: पाठांतर करायचं नाही. काळूराम बोटीचा तांडेल आणि नट सगळे कधी ना कधी त्याच्या बोटीवरचे खलाशी. दर्यात तांडेलाचा आवाज आला की हात आपोआप दोरीकडे जातो, का म्हणून कुणी विचारत नाही. तीच सवय ते रंगमंचावर घेऊन आले. विंगेतून काळूराम बोलला की तोंडं उघडायची. विनेश कायम नायक असे, आणि आजवर आपण एकही ओळ पाठ केलेली नाही हे तो लग्नाच्या पंगतीत सुद्धा छाती काढून सांगे.

मग काळूरामची बोट उलटली.

खांदेरीच्या पलीकडे, अचानक उठलेल्या वाऱ्यात. बाकीचे दुसऱ्या बोटीने उचलले. काळूराम पहाटे सापडला, तेलाच्या रिकाम्या कॅनला मिठी मारलेला. त्याचा धाकटा भाऊ सदा सापडला नाही. सदा बिनलग्नाचा, त्यांच्याच घरात वाढलेला. काळूरामच्या बायकोने, वेणूबाईने, त्याला लहानाचा मोठा केला होता. “हात सुटला,” एवढंच काळूरामने किनाऱ्यावर सांगितलं.

त्यानंतर तो बोटीवर चढला नाही. गुडघा दुखतो म्हणाला.

अलिबागच्या डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो काढले. गुडघा असा निघाला की दवाखान्याच्या भिंतीवर नमुना म्हणून लावावा. पण थळ मोठं शहाणं गाव. कोणीही डॉक्टरांचं मनावर घेतलं नाही. येणारा जाणारा विचारी, “काळूदादा, गुडघा कसा हाय?” काळूराम म्हणे, “दुखतो.” कुणी बाम आणून दिला, कुणी एरंडाचा पाला. मुंबईला जायचं झालं तर मांडव्याहून बोटीने तासाभरात पोचता येतं, पण काळूराम पेणवरून एसटीने हाडं खिळखिळी करत जाई. त्यावर लोक गंभीर चेहऱ्याने म्हणत, बोटीचा दादर चढणं गुडघ्याला वाईट.

आणखी एक गोष्ट होती. काळूराम कुणाच्या हातातून काही घेत नसे. चहा द्यायचा तर ओट्यावर ठेवायचा. तो मग उचलणार. त्याला गुडघ्याचं कारण लागू होत नव्हतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलतच नसे.

अशा गावात अल्पेशने जत्रेसाठी नवं नाटक लिहिलं. नाव ‘लाट’. बुडालेल्या बोटीतून एकटा वाचलेला रत्नाकर तिसऱ्या अंकात वेडा होतो. केस उपटतो, खदाखदा हसतो, लाटांशी बोलतो. तो अंक लिहिताना अल्पेश स्वतः तीनदा रडला, आणि आपल्याला रडू आलं म्हणजे अंक चांगला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आपण कुणाला दुखावत नाही याचीही त्याने चोख काळजी घेतली होती. काळूरामला मिशी नव्हती. रत्नाकरला मिशी दिली. काळूराम थळचा, रत्नाकर वेंगुर्ल्याचा. एवढ्या बंदोबस्तानंतर कुणाला काही कळणं शक्यच नव्हतं.

तालीम मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या ढिगाऱ्याशेजारी होती. काळूरामने संहिता नेहमीसारखी मांडीवर घेतली. दोन अंक सुरळीत गेले. तिसऱ्याचं पहिलं पान त्याने उलटलं, आणि तो थांबला. विनेश केस विस्कटून, तोंड उघडून तयार उभा होता.

“दादा, ओळ सोड ना,” विनेश म्हणाला.

काळूरामने पानावरून बोट फिरवलं आणि वाचलं. “हा हा हा,” तो म्हणाला. सपाट, कोरडं. “हा हा. केस उपटतो. लाटेकडे बघतो. हा हा.”

कंसातल्या सूचना तो आजवर कधी वाचत नसे. विनेशने खदाखदा हसून घेतलं. शेडमधलं दुसरं कोणी हसलं नाही, आणि अल्पेशच्या लक्षात आलं की सगळे जण जाळ्यांकडे बघताहेत. शेवटचं पान झालं. काळूरामने संहिता जमिनीवर ठेवली.

“चांगला हाय,” तो म्हणाला, आणि लंगडत गेला. तो लंगडायचा विसरला नव्हता, पण पाय चुकीचा निवडला होता.

दुसऱ्या दिवशी वेणूबाई दुकानात आली. मासळीची पाटी तिने पायरीवर ठेवली, प्रतिज्ञापत्रवाला एक वकील नाकाला रुमाल लावून सरकला, आणि ती स्टुलावर बसली.

“अल्पेशभाऊ, मिशीवाला कोण रे तो?”

“कोण वैनी?”

“तुझ्या नाटकातला. वेंगुर्ल्याचा.”

“तो काल्पनिक आहे.”

“मंग त्याला मिशी कशाला लावलीस? मी वळकू नये म्हणून?”

अल्पेशने झेरॉक्स मशीनचं झाकण उगीच उघडून मिटलं. “वैनी, मी दादाची टिंगल नाही केली. उलट लोकांना त्याचं दुःख कळावं म्हणून...”

“लोकांना कळलेला हाय. गावात कुणाला कळला न्हाय ते सांग बघू.” तिने पदराने मान पुसली. “घरात तो केस उपटत न्हाय. टीव्ही बघतो. कोथिंबीर निवडून देतो, मुळं मलाच काढाय लागतात. झोपेत बोलतो. काय बोलतो, ते मी कुणाला सांगत न्हाय.” मग ती उठली. “लोकांनी त्याला गुडघा दिलाय रे. तेवढा काढून घेऊ नको. जत्रेनंतर लोक त्याला काय विचारतील? डोका कसा हाय?”

जाताना तिने सहा बोंबील कागदात बांधून टेबलावर ठेवले. ते बोंबील अल्पेशला दिवसभर जड गेले.

संध्याकाळी तो थळला धावला. काळूराम ओट्यावर जाळं सांधत होता.

“काळूदादा, तिसरा अंक काढून टाकतो.”

“का?”

“लांबलाय.”

“लेखक,” काळूराम सुईवरची नजर न काढता म्हणाला, “सांगतल्या कामाला आता न्हाय म्हनू नको. बॅनर लागलाय.”

“मग त्या अंकाला प्रॉम्प्टिंग दुसऱ्या कुणाला देऊ.”

“दुसऱ्याचा आवाज विनेशला कळनार न्हाय. उभा राहील भोपळ्यासारखा.” त्याने दोरा दाताने तोडला. “मीच बोलनार.”

अल्पेशला त्याच्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. परतताना रिक्षात त्याने तिसरा अंक तीनदा चाळला. या वेळी एकदाही रडू आलं नाही.

जत्रेच्या दिवशी आरती आटोपली आणि दिवेलागणीलाच नाटक सुरू झालं. अख्खं थळ मंडपात. वेणूबाई बायकांमध्ये दुसऱ्या रांगेत, पाठ ताठ. अल्पेश या वेळी पहिल्या रांगेत बसलाच नाही. तो विंगेत, पडद्याची दोरी हातात धरून उभा राहिला. काही झालंच तर पडदा टाकता यावा, एवढंच त्याने ठरवलं होतं. काय झालं तर टाकायचा, हे मात्र ठरवलं नव्हतं.

दोन अंक टाळ्या घेऊन गेले. तिसरा सुरू झाला. विनेश मिशी फेंदारून, केस पिंजारून मधोमध आला, दोन्ही मुठींत केस धरले आणि कान विंगेकडे लावला.

काळूरामने संहिता मिटली आणि खाली ठेवली.

विनेशने केस धरून ठेवले होते. त्याला दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

“सोड ते केस,” काळूराम म्हणाला.

“सोड ते केस,” विनेशने लोकांना बजावलं.

“खाली बस, विनेश.”

“खाली बस, विनेश,” विनेश म्हणाला. हशा पिकला. त्या हशात त्याला उमगलं आणि तो बसला. तांडेलाने सांगितलं की बसायचं.

अल्पेश दोन पावलं पुढे सरकला. काळूराम त्याच्याकडे बघत नव्हता. तो समोर बघत होता, आणि त्याचा आवाज आज खरोखरच कुजबुजीचा होता. फक्त विनेशपर्यंत पोचेल एवढा.

विनेशचं तोंड हललं. “माझ्या गुडघ्याला काय झालेला न्हाय.”

हशा तुटला.

“गुडघा पयल्यापासून बरा हाय.”

अल्पेशने दोरी आवळली. ओढली की पडदा खाली. दोन वीत दोरीचा प्रश्न. त्याने वेणूबाईकडे पाहिलं. ती हलली नव्हती, पण तिचा हात शेजारणीच्या मनगटावर होता आणि शेजारणीचं मनगट पांढरं पडलं होतं. तिने विंगेकडे बघून मान अगदी थोडी हलवली. नको, असं असावं. किंवा नुसतीच हलली असावी. अल्पेशने दोरी ओढली नाही.

“कॅन एकच होता,” विनेश म्हणाला. तो आता अभिनय करत नव्हता. त्याला करताच येत नव्हता. शब्द येत होते तसे तो सोडत होता. “दोघांना तो धरत नव्हता. बुडत होता. सदा बोलला, दादा, पाय गार पडले.”

पुढचं वाक्य विंगेतून आलं, पण विनेशच्या तोंडून बाहेर पडेना. त्याने रंगमंचावरून पहिल्यांदाच काळूरामकडे वळून पाहिलं.

“बोल,” काळूराम म्हणाला.

विनेशच्या ओठावरची मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती. “हात सुटला, असा मी सगल्यांना सांगतला,” तो म्हणाला. “सुटला न्हाय. मी सोडला.”

मंडपात एक लहान मूल काहीतरी विचारत होतं, त्याला कुणीतरी गप्प केलं. विनेश वाट बघत बसला. मग विंगेतून आलं.

“पुढं न्हाय.”

“पुढं न्हाय,” विनेश म्हणाला, आणि अल्पेशने पडदा सोडला.

टाळी पडली नाही. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पडद्याआड विनेश मांडी घालून तसाच बसून होता. उठायला कुणी सांगितलं नव्हतं. वेणूबाई मागच्या कनातीतून विंगेत आली. तिच्या हातात मंडळाच्या चहाचा कप होता. ती काळूरामसमोर उभी राहिली. तिने कप त्याच्या बाजूच्या फळीवर ठेवला, आणि शेजारी बसली.

“मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “रोज झोपेत सांगतोस.”

काळूराम फळीकडे बघत राहिला. “मंग बोलली का न्हाईस?”

“तू जागा असताना कदी सांगतलास?” तिने नाक ओढलं. “घे. निवतोय. तुमी दोगं गेला असता, तर मी मासली कोनासाटी रांदली असती?”

अल्पेशला तिथून जायचं होतं, पण दोरी हातात होती आणि ती कुठे बांधायची हे त्याला आठवेना.

सकाळी तो उरलेलं सामान न्यायला थळला गेला, तेव्हा काळूराम ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. मासळीच्या लिलावाकडे निघालेले लोक त्याच्यासमोर आल्यावर पावलं आखडती घेत होते. काल सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. आता काय बोलायचं? विनेश बर्फाची लादी खांद्यावर घेऊन आला. पाणी त्याच्या पाठीवरून गळत होतं. तो थांबला, घसा साफ केला. या वेळी त्याला सांगायला कुणी नव्हतं.

“काळूदादा,” तो म्हणाला, “गुडघा कसा हाय?”

काळूरामने सुई थांबवली.

“दुखतो,” काळूराम म्हणाला.

“थंडीचा असल,” विनेश म्हणाला आणि बर्फ वितळण्याआधी निघून गेला. मागचे लोकही मग एकेक करून विचारत गेले.

अल्पेशने रत्नाकरचा तिसरा अंक फाडला आणि कालचा जसा आठवला तसा टाइप केला. काळूरामने वाचायला मागितला तेव्हा अल्पेशने तो त्याच्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. काळूरामने वाचून परत ओट्यावरच ठेवला. एक शब्दही बदलला नाही.

अलिबागच्या नाट्यस्पर्धेत ‘लाट’ दुपारी झालं, आणि परीक्षकांनी वेळ संपल्याची घंटा दिल्यामुळे तिसरा अंक करता आला नाही. पुढच्या वर्षी जत्रेला मंडळाने ऑर्केस्ट्रा ठरवला.