डिंक लाडवांत, चुना भिंतीवर

देऊळगाव राजातली आमची एक खोली सोडायची वेळ आली, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ह्यांची बदली साखरखेर्ड्याच्या शाळेत झालेली. तिथल्या घरमालकाचा निरोप आला, तीस रुपये अनामत हातावर ठेवा, मगच कुलूप काढतो. आमच्याजवळचे म्हणून जे तीस रुपये होते ते इथल्या मालकाकडे अडकलेले, अन् हा मालक एक नंबरचा चिकट. जाताना खोलीला चुना मारून द्यायचा, ही त्याची अट. मग तो येऊन भिंतीवर पंजा ठेवायचा. पंजा पांढरा निघाला की अनामत बुडालीच समजा. आमच्या आधीच्या कंपाउंडरची त्यानं अशीच गिळली होती.

चुना हाताला लागू नये म्हणून त्यात डिंक घालतात, हे मला कोण सांगणार? ह्यांनी पावशेर डिंक आणून चुलीपाशी ठेवला अन् न बोलता शाळेत गेले. मला वाटलं, अगं बाई, माझी कंबर दुखते हे ह्यांच्या ध्यानात आलं तर! घरातलं होतं नव्हतं ते खोबरं, गूळ घालून मी सगळ्या डिंकाचे लाडू वळून टाकले. संध्याकाळी दोघांनी मिळून कुंच्यानं चुना मारला. हे समजले, डिंक मी कालवला असेल. मी समजले, चुना म्हणजे चुनाच.

सकाळी सामान बांधताना माझा पदर भिंतीला लागला अन् पांढरा झाला, तेव्हा उलगडा झाला. हे डोक्याला हात लावून बसले. मला मेलं हसूच आवरेना, खरं तर रडायची वेळ होती. तेवढ्यात काळा कोट घालून मालक दारात हजर, मागं मालकीणबाई.

मी त्याच्या एका हातात कपबशी दिली, दुसऱ्यात लाडू. तो संपायच्या आत दुसरा. पंजा रिकामा म्हणून होऊ दिला नाही. चौथ्या लाडवाला गडी असा खूश झाला की खुशाल भिंतीला पाठ टेकून बसला. मी डोळेच मिटले. भिंत झकास झाली म्हणत त्यानं खिशातून तीस रुपये काढले, ह्यांच्या हातावर ठेवले अन् उठला. कोटाची पाठ सगळी पांढरी!

मालकीणबाईंनी ती पाठ पाहिली, भिंत पाहिली, मग मला पाहिलं. त्यांनी एक शब्द काढला असता तर रुपये परत खिशात गेले असते.

"काऊन हो, चक्कीवर कुठं टेकले होते?" पदरानं कोट झटकत त्या म्हणाल्या. "पाठीले पीठ लागलं."

तो चक्कीवाल्याला शिव्या देत बाहेर पडला. त्या मागं राहिल्या, एक लाडू उचलला अन् डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग भिंतीवर हात ठेवला.

"वर्षभर भिंतीपलीकडून तुहं हसणं ऐकू ये," त्या म्हणाल्या. "आता मले कोण हाय?"

मी त्यांच्या गळ्यात पडले. काही केल्या सोडवेना. एस.टी. चुकता चुकता राहिली.