मावशीनं पसंत केलेलं गॅरेज

महूवाल्या मावशीला चटकन 'हो' म्हणणारी माणसं आवडत नसत. शिंप्याला ती विचारायची, ब्लाउज गुरुवारपर्यंत होईल का, आणि त्यानं मशीनवरून मान वर न करता "हो जाएगा" म्हटलं, की कापड परत पिशवीत. जो आधी डोकं खाजवी, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे आणि "मुश्किल है मौसीजी" म्हणे, त्याच्याकडे ती वर्षानुवर्षं कपडे शिवायची. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं तिनं जुळवली, तीही याच कसोटीवर. "प्रत्येक प्रश्नाला हो म्हणणारा मुलगा घरी जाऊन आईला विचारतो," असं तिचं ठाम मत. तिनं नापसंत केलेल्या एका मुलाशी माझ्या मामेबहिणीनं हट्टानं लग्न केलं. त्याबद्दल मावशी कधी चकार शब्द बोलली नाही. आता बहीणच बोलते.

स्वतः मावशीनं लग्न केलं नाही. राहायची जुन्या इंदुरात, आमच्याच गल्लीत. पण सारी नोकरी महूच्या शाळेत झाली, म्हणून ती महूवाली. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी ती आपली जुनी पांढरी गाडी काढून महूला जायची. तिथं कमलताई होत्या, तिच्या शाळेतली मैत्रीण. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना अंथरुणातून उठता येत नव्हतं. मावशी त्यांना न्हाऊ घालायची, वेणी घालायची, दुपारभर गप्पा मारून संध्याकाळी परत यायची. गुरुवार चुकला तर दोघींचाही आठवडा बिघडायचा.

आम्ही घरचे मात्र गुरुवारभर जीव मुठीत धरून असायचो. मावशीनं पंचाहत्तरी ओलांडली होती आणि महूच्या रस्त्यावर ट्रक काही कमी होत नव्हते. सगळे तिला सांगायचे, गाडी फार जुनी झाली, विकून टाक. मावशी जुनी झाली, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी बाबांनी टायमिंग बेल्टचं निमित्त शोधून काढलं. इंजिनातला तो रबरी पट्टा ना वाजतो ना कुरकुरतो, एक दिवस चालत्या गाडीत तुटतो आणि इंजिनाचं वाटोळं करतो. तुमचा तर कधी बदललेलाच नाही, असं त्यांनी गंभीर चेहरा करून सांगितलं. त्यांना वाटलं, आता बाई घाबरेल.

"मग बदलून घेते की," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "चल गं, गॅरेज पाहून येऊ."

पाहून म्हणजे स्थळ पाहतात तसंच. पहिलं स्थळ मोठं होतं: काचेचा दरवाजा, एसी, टाय लावलेला पोरगा, मशीनची कॉफी. मावशीनं कॉफी संपवली आणि भाबडा चेहरा करून विचारलं की पट्टा अजून वर्षभर चालेल ना. पोरगा गाडीजवळही न जाता म्हणाला, "बिलकुल मॅम." आम्ही उठलो. दुसरं कृष्णपुऱ्याजवळ. तिथले उस्ताद तर म्हणाले की आप बोलो तो दो साल चला दूँ. मावशीनं त्यांना नमस्कार केला आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "हे गाडीला नाही, मला खूश करणार."

तिसरं आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, संजू नावाच्या मराठी मुलाचं. तिथं मावशी आधी गॅरेजात गेलीच नाही. समोरच्या किराणावाल्याकडे गेली. मुलगा कसा आहे, संध्याकाळी घेतो का, वडील काय करायचे, घरी कोण कोण आहे, रागीट आहे का. किराणावाल्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळी उत्तरं फार उत्साहानं दिली. मी तिशी उलटलेली, बिनलग्नाची, बँकेत नोकरीला. मला काही कळलं नाही. उद्या सकाळी येतो, असं संजूला सांगा म्हणून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेज झाडून लख्ख केलेलं. संजू इस्त्रीच्या शर्टात, नखांतलं काळं घासून घासून बोटं लाल झालेली. खुर्च्यांवर चादर. आणि त्याची आई पोहे-जिलेबी घेऊन उभी. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मावशीला हळूच विचारलं, "मुलगी पर्मनंट आहे ना?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशीच्या तो आधीच पडला होता, पण तिनं शांतपणे पोहे खाल्ले, वर थोडी शेव मागून घेतली आणि मग संजूला विचारलं, गाडीचा पट्टा अजून वर्षभर चालेल ना.

पाहुण्यांसमोर कुणीही हो म्हटलं असतं. संजूनं बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडलं, वाकून बराच वेळ पाहिलं आणि आल्यावर म्हणाला, "नाही चालणार मौसीजी. गाडी आजच इथे सोडून जा."

मग मावशीनं खरं काय ते सांगितलं. त्याची आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला, मीही हसले. संजू मात्र गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

"एक गोष्ट बोलू का? नाराज नका होऊ," तो म्हणाला. "इकडून पूरी गाडी घासलेली आहे, तिकडून एक खरोच नाही. तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये मौसीजी. नवा पट्टा मी टाकून देतो, टेन्शन नका घेऊ. पण आता गाडी तुम्ही नका चालवू."

मी ताटलीत बघत राहिले. मला वाटलं, शिंप्याकडून कापड परत घ्यावं तशी ती किल्ली उचलेल आणि चालू लागेल. मावशीनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं रस्त्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हात खाली घेतला.

"गाडी इथेच राहू दे," ती म्हणाली.

परत येताना आम्ही रिक्षा केली. घराच्या वळणावर ती म्हणाली, "तो हो म्हणाला असता ना, तर मी चालवत राहिले असते गं."

पट्टा बदलून गाडी आली तेव्हा तिनं किल्ली माझ्या हातात दिली. मला गुरुवारी बँक, म्हणून महूचा वार रविवार झाला. मी चालवायची, ती डावीकडे बसून नसलेला ब्रेक दाबायची आणि प्रत्येक वळणाला मला हॉर्न द्यायला सांगायची. कमलताईंकडे गेल्यावर ती न्हाऊमाखू घाली, मी पाणी तापवून देई. त्या रविवारांइतकं मी आयुष्यात कधी हसले नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली, चार दिवसांच्या तापानं. पुढच्या रविवारी मी एकटीच महूला गेले. पाणी तापवलं, कमलताईंना न्हाऊ घातलं आणि त्यांचे केस विंचरायला बसले. वेणी पुरी झाल्यावर त्यांनी चांगला हात मागे नेऊन ती चाचपून पाहिली.

"सैल झाली गं," त्या म्हणाल्या. "ती घट्ट घालायची."

मी वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली. आम्ही दोघीही रडत होतो.