आधी फोन कोणी करायचा

आमच्याकडे उन्हाळ्यात शेतातल्या पऱ्हाट्या, कपाशीची वाळलेली झाडं, पेटवायच्या असल्या, की आधी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याला आवाज द्यायचा. कोर्टात केस चालू असली तरी द्यायचा, आगीला सातबारा कळत नाही. आता आवाजाऐवजी फोन करतात, एवढाच फरक.

त्या मे महिन्यात माझा मुलगा सीमेवर होता आणि तिकडे तोफा चालू होत्या. तीन दिवस त्याचा फोन नव्हता. टीव्हीवर कोट घातलेले लोक नकाशावर काठी आपटत होते. त्यांच्या घरचं कुणी तिकडे नसावं, नाहीतर एवढं अंगात आलं नसतं. त्याच गलक्यात एकजण सांगून गेला की दोन्ही सैन्यांच्या मोठ्या साहेबांमध्ये थेट फोन आहे, हॉटलाइन, आणि एरवी दर आठवड्याला त्यावर बोलणं होतं. माझं डोकंच फिरलं. आहे ना फोन, मग उचला की मेल्यांनो!

चौथ्या दिवशी दुपारी माझा मोबाइल वाजला. मुलगा नव्हता. धुऱ्याचा शेजारी होता, बांध कोरल्यावरून सात वर्षं अबोला असलेला. मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. मुलासाठी लाइन मोकळी ठेवायची होती हे खरं, पण या माणसाशी आधी मी कशाला बोलू, हेही खरं.

तासाभरात त्याने पेटवलेल्या पऱ्हाट्यांची ठिणगी उडून आमच्या कुटाराच्या ढिगातून धूर निघाला. बैलांचा वर्षाचा चारा. मी तणतणत शेतात गेले.

"डोळे फुटले का तुमचे? आवाज द्याले काय झालं होतं?"

"दोनदा फोन लावला, वहिनी. तुमीच काटला. मले वाटलं, समजलं तुमाले."

फोन कट केला म्हणजे निरोप पोचला, असंच आमच्याकडे धरतात. त्याच्या भुवया जळाल्या होत्या आणि कडुनिंबाची फांदी घेऊन तो माझाच चारा विझवत होता. मला स्वतःच्याच तोंडात मारावीशी वाटली.

संध्याकाळी बातमी आली. हॉटलाइनवर बोलणं झालं, गोळीबार थांबणार. आणि टीव्हीवरचा निवेदक कशावर नाचत होता? तर फोन आधी त्यांनी केला, आपण नाही! मी टीव्हीची वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला.

"आई, मी बरा आहो. माह्यासंग एका ताटात जेवे ना, तो गेला. काल सकाळी."

मी विचारलं, "आन् साहेबाइचा तो फोन?"

"दुपारी झाला म्हनते."

"सकाळी बंद होता का?"

"नाही, आई. चालूच होता."