भावोजींचा गोल

साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर न देण्यात आमच्या भावोजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. माझ्या ताईचे हे यजमान पेशाने प्रशिक्षक, असं लोक म्हणतात. ते स्वतः म्हणतात, "मी शिकवत नाही रे, लोक एकमेकांकडून शिकतात. मी नुसता गोल चालवतो." लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यातले कामगार असोत की खेडचे बचतगट, हे गेल्या गेल्या खुर्च्या गोलात मांडणार, दोरीला बांधलेला मार्कर गळ्यात अडकवणार, एक प्रश्न टाकणार आणि गप्प बसणार. ते गप्प बसणं पाहून समोरच्याला घाम फुटतो. एकदा मासळी सुकवणाऱ्या बायका वैतागून म्हणाल्या, "अवो सर, काय ता सांगा एकदाचा, नायतर आमी जातो. बांगडे उन्हात हायत!" भावोजी शांतपणे म्हणाले, "मग काय करायला हवं, तुम्हाला काय वाटतं?" बायका उठून चालत्या झाल्या. संध्याकाळी हे मला खुशीत सांगत होते, "निर्णय त्यांचा त्यांनी घेतला बघ!"

घरीही तीच तऱ्हा. चहात साखर घालू का विचारलं तरी "तुला काय वाटतं?" माझं डोकंच सटकायचं. ताई होती तोवर "मला वाटतं, आहे तो मुकाट्याने प्या" म्हणून विषय मिटवायची. ती गेली आणि तीही सोय संपली.

गेल्या महिन्यात भाचा बायकोला घेऊन ठाण्याहून आला. मिरजोळ्याचं घर बंद करून बाबांना कायमचं घेऊन जायचं म्हणाला. आम्ही घरचीच चार माणसं, तरी भावोजींनी खुर्च्या गोलात मांडल्या, मार्कर गळ्यात घातला आणि भिंतीवरच्या कागदावर प्रत्येकाचं मत लिहून घेतलं. एकटं राहणं बरं नाही. तिकडे डॉक्टर जवळ.

"मग ठरलं, बाबा," भाचा म्हणाला. भावोजी निमूटपणे कागद उतरवायला लागले.

"आणि तुमचं मत?" मी विचारलं.

"गोल चालवणाऱ्याने आपलं मत घालायचं नसतं रे."

काय म्हणावं या माणसाला! राहतं घर सुटायची वेळ आली, तरी नियम सुटत नव्हता. मी उठलो, त्यांच्या गळ्यातला मार्कर काढून माझ्या गळ्यात घातला आणि त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

"भावोजी, तुम्हाला काय वाटतं?"

आणि गप्प बसलो. भाचा काही बोलायला गेला, त्याला हातानेच थांबवलं. भावोजी कितीतरी वेळ दारातल्या, ताईने लावलेल्या अबोलीकडे बघत राहिले.

"मला इथेच राहायचंय," ते म्हणाले.

मी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. हे ऐकायला ताई हवी होती.